बापूच्या वेळपासून

मी मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले, त्याचं आमच्या घरी कुणाला फारसं दुःख झालं नाही. दुःख करायला सवड लागते, आणि आमच्या वावरात वांग्याचा तोडा सुरू होता. बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजी तेवढं राहिलं होतं. निकाल ऐकून दादा, म्हणजे माझे वडील, नुसतं "बरं" म्हणाले आणि बैलाच्या मानेवरचं जू सारखं करायला लागले. आत्यानं सोनाळ्याहून निरोप पाठवला, की आता पोरीचं लग्न करून टाका, जामोदला एक स्थळ हाय, मुलगा किराणा दुकानात बसते. दादांना ते पटलंही होतं. मायनं मात्र भाकर थापता थापता, वर न बघता सांगितलं, "एक खेप अजून देऊ द्या तिले. मंग काय करायचं ते करा." माय घरात फार कमी बोलायची, त्यामुळे ती बोलली की ते होऊन जायचं. माझ्या लग्नाची गोष्ट पुढच्या परीक्षेवर गेली ती अशी, एका भाकरीच्या थापण्यात.

आमचं घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या, पुढे ओसरी, बाजूला बैलांचा कोठा. पहाटे आधी मायला जाग यायची. मला जाग यायची ती तिच्या आवाजानं. वाकून उठताना ती "अवं माय वं" म्हणायची, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं, आणि मग थोडा वेळ काहीच आवाज यायचा नाही. ती भिंतीला हात लावून उभी असायची. मग चुलीतल्या राखेचा, मग परातीचा, मग ज्वारीच्या पिठावर थापा पडल्याचा आवाज. भाकर, रात्रीचं फोडणीचं वरण उरलं असेल तर ते, नाही तर मिरचीचा ठेचा आणि तेल. फडक्यात बांधून आम्ही वावरात जायचो. दिवस उगवायच्या आत वांगी तोडायला लागायची, कारण उन्हात तोडलेलं वांगं बाजारात पोचेपर्यंत सुकून म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखं होतं. झाडाचे काटे बोटांत मोडायचे. संध्याकाळी सुईनं ते काढायचे आणि पहाटे नवे मोडून घ्यायचे. मायची बोटं इतकी निबर झाली होती की तिला काटा मोडलेला कळायचाही नाही. भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन ती बांधावरून गाडीपर्यंत जायची, आणि टोपलं उचलताना एक हात ओटीपोटाशी घट्ट दाबून धरायची. आम्हाला ती तिची लकब वाटायची. कुणी चालताना मान हलवतो, कुणी बोलताना डोळे मिचकावतो, तशी माझी माय ओझं उचलताना पोट धरते, एवढंच. ती उकिडवीही बसायची नाही. चुलीपुढे एक पाय लांब सोडून, तिरपी बसायची. माझा धाकटा भाऊ बापू तिची नक्कल करून दाखवायचा आणि आम्ही हसायचो. तीही हसायची.

शाळा वरवट बकालला होती. नापास झालेल्यांसाठी लेले सर शाळा सुटल्यावर व्हरांड्यात तास घ्यायचे. सर पुण्याकडचे. त्यांची बायकोमुलं तिकडेच होती, आणि बदलीच्या अर्जाचं काय झालं असं ते दर आठवड्याला हेडमास्तरांना विचारायचे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या आडनावाचं आमच्या बोलीत फार हसू व्हायचं. आमच्याकडे मला, तुला असं नसतं. मले, तुले असतं. त्यामुळे "लेलेले विचार", "लेलेसरले सांग" असं कुणी म्हटलं की पोट्टे खिदळायचे. सर चिडायचे नाहीत. रागवायलाही अंगात जोर लागतो, तो त्यांच्यात उरला नव्हता असं मला आता वाटतं. उन्हानं रापलेला, थकलेला माणूस होता, पण शिकवायला बसला की नीट शिकवायचा.

माझी सगळी गाडी अडायची ती सिन्स आणि फॉर या दोन शब्दांपाशी. परीक्षेत गाळलेल्या जागा भरा असायचं, आणि मी नेमका उलटा शब्द भरायची. मराठीत दोन्हींना 'पासून'च. सकाळपासून पाऊस आहे, दोन तासांपासून पाऊस आहे. मग इंग्रजाला त्यासाठी दोन शब्द कशाला लागतात, हे मला कळेना. एकदा मी विचारलंच, "काऊन सर? एका शब्दात भागत नाई काय त्याइचं?"

सर म्हणाले, "'काऊन' नाही, 'का' म्हणावं." मग म्हणाले, "हे बघ सुमन. एखादी गोष्ट केव्हा सुरू झाली ते सांगायचं असेल तर सिन्स. सकाळपासून. सोमवारपासून. लग्न झाल्यापासून. आणि ती किती काळ चालली आहे ते सांगायचं असेल तर फॉर. दोन तास. चार दिवस. दहा वर्षं. एकात सुरुवात सांगायची, दुसऱ्यात लांबी."

"पण सर, गोष्ट तर एकच हाय ना."

"गोष्ट एकच. विचारणं वेगळं."

मग त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहायला घेतलं. मी या गावात अमक्या महिन्यापासून आहे, असं. सिन्सच्या पुढे महिना लिहिला. त्याच्याखाली तेच वाक्य पुन्हा लिहिलं, फॉरपर्यंत आले आणि खडू थांबला. मागून कुणीतरी वर्षांचा आकडा सांगितला. सरांनी तो लिहिला नाही. फळा पुसला आणि म्हणाले, "उद्या करू."

माझी नात आता इंग्रजी शाळेत जाते. फोनवर तिच्या मैत्रिणीला सांगत असते, आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स. मी जन्मभर मास्तरकी केली, पण मी काही बोलत नाही. तिचं सगळं व्यवस्थित चाललं आहे. मैत्रिणीला कळतं, मैत्रीण येते. शिवाय माझे गुडघे इतके दुखतात की कुणाची चूक दुरुस्त करायला उठावं असं हल्ली वाटत नाही. पण तो शब्द कानावर पडला की मी जळगावच्या दवाखान्यात जाऊन उभी राहते, हे मात्र खरं. आमच्याकडे नुसतं जळगाव म्हटलं की जळगाव जामोद; दुसरं जळगाव खानदेशातलं, त्याच्याशी आमचा संबंध नाही.

झालं असं, की एका पहाटे वांगी तोडताना माय दिसेनाशी झाली. मी पुढच्या ओळीत होते. वळून बघितलं तर टोपलं होतं, माय नव्हती. जवळ गेले तर ती दोन ओळींच्या मध्ये सरीत बसली होती, ओल्या मातीत, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "काय झालं माय?" म्हटलं तर म्हणाली, "काई नाई. कंबर धरली. तू तोड, गाडी जाईन." मी तिला हाताला धरून उठवायला गेले. ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. तेव्हा तिच्या लुगड्यावर मला डाग दिसला. मी मोठी झाले होते, मला डागाचं कळत होतं, पण हा डाग तसला नव्हता. त्याला वास होता. मायनं पटकन पदर पुढे ओढून घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काही विचारलं नाही.

दादांना मी एवढंच सांगितलं, की मायले लय बरं नाई. ते आधी म्हणाले, संध्याकाळी वैदूकडून चाटण आणू. शेजारची गोदाकाकू बांधापलीकडे गवत कापत होती. ती येऊन मायपाशी बसली, कानाशी काहीतरी बोलली, आणि उठून दादांना सरळ म्हणाली, "वैदू-फिदू काई नोको भाऊजी. जळगावले बाई डाक्टर आली हाय. आत्ताच्या आत्ता न्या." दादांनी वांग्याची टोपली खाली काढली, गाडीत कडबा अंथरला आणि मायला वर घेतलं. तोडलेली वांगी बांधावरच राहिली. बापूला गोदाकाकूनं ठेवून घेतलं. संग्रामपूरला जाऊन गाडी ओळखीच्या माणसाच्या अंगणात सोडली आणि तिथून एसटीनं जळगाव. एसटीत माय खिडकीची दांडी धरून उभीच राहिली. जागा होती, कंडक्टरही बसा म्हणाला, ती बसली नाही. मला तिचा राग आला होता. लोक बघत होते.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई दक्षिणेकडची होती. लोक तिला मद्रासी बाई म्हणायचे. खरं म्हणजे ती कुठली होती कोण जाणे. ठेंगणी, काळी, केस तेल लावून घट्ट बांधलेले, अंगावर पांढरी साडी. तिला मराठी येत नव्हतं, आणि हिंदी येत होतं ते दोन-चार शब्दांपुरतं. पेशंटचं म्हणणं तिला समजावून सांगायला कंपाउंडर होता. त्यानं मायला मोठ्यानं विचारलं, "काय होते, बाई? कुठं दुखते?" बाहेर बाकावर माणसं बसली होती. मायनं पदर दातात धरला. "कंबर," म्हणाली. "आणखी?" तर काही नाही. कंपाउंडरनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा वैतागला. डॉक्टरीणबाईनं हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"यू स्टडी?"

मी घाबरून म्हटलं, "मॅट्रिक फेल."

"विच सब्जेक्ट?"

"इंग्लिश."

बाई हसली. थकलेल्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं की माणूस किती लहान दिसतो. "गुड," म्हणाली, "कम." आणि कंपाउंडरला बाहेर जायला सांगून तिनं दार लावलं.

आत एक टेबल, एक पडदा आणि आम्ही तिघी. बाई हळू बोलत होती, शब्द तोडून तोडून, मला कळावं म्हणून. तिनं विचारलं, "फॉर हाऊ लाँग?" मला कळलं. इतका आनंद झाला मला, अशा वेळी, की अजून त्याची लाज वाटते. मी मायला विचारलं, "कितीक दिवसांपासून होते?" माय खाली बघत म्हणाली, "असंच. आठ-पंधरा दिवस झाले असतीन." मी सांगितलं, फॉर फिफ्टीन डेज. शब्द बरोबर आला होता. लेले सर असते तर बरोबरची खूण केली असती.

बाई मायला पडद्यामागे घेऊन गेली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मायचा "अवं माय वं" ऐकू आला, रोज पहाटे ऐकू यायचा तसाच, आणि मग बाईचा आवाज, काहीतरी तिच्या स्वतःच्या भाषेत, हळहळल्यासारखा. ती बाहेर आली, हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. "नो," म्हणाली. "नॉट फिफ्टीन डेज. नॉट फिफ्टीन मंथ्स." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "डोंट आस्क हाऊ लाँग. आस्क हर, सिन्स व्हेन. सिन्स व्हॉट."

व्हरांड्यात कितीदा ऐकलं होतं, पण आज पहिल्यांदा मला ते खरोखर कळलं. दिवस विचारले तर माय दिवस लपवणार. जन्मभर ती तेच करत आली होती. विचारलं की थोडं कमी सांगायचं. तिला दिवस विचारायचेच नव्हते. मी पडद्यामागे गेले. ती टेबलावर कुशीवर, पाय जवळ घेऊन पडली होती, एवढीशी दिसत होती.

"माय, दिवस नोको सांगू," मी म्हटलं. "कशापासून हाय ते सांग. काय झालं तवापासून?"

बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मग ती म्हणाली, "बापूच्या वेळपासून."

बापू तेव्हा शाळेत जायला लागला होता. पाढे म्हणायचा. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बापू झाला तवापासून?"

"हाव. पाचवीची पूजा झाली अन् दुसऱ्या रोजी मी वावरात गेली. तुह्या दादाच्या पायात नारू होता ना तवा. माणूस उठे ना बसे. ओलिताची पाळी आली होती, वांगी तोडाची होती. कोण करीन?" ती हे सगळं तक्रार नसल्यासारखं सांगत होती, दुसऱ्या गावच्या बाईची गोष्ट सांगावी तसं. "टोपलं उचललं अन् कायतरी सरकलं. वाटलं जाईन आपोआप. अंग बाहेर येते तवापासून. ओझं उचललं की येते. मी ढकलून घेते, फडकं बांधते. आता काई दिवसांपासून रक्त जाते, म्हणून एसटीत बसल्या गेलं नाई."

नारू म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. पाण्यातून पोटात जाणारा किडा. वर्षानं माणसाच्या पायातून बाहेर निघायचा, दोऱ्यासारखा, इंच इंच, आणि तोवर माणूस खाटेवर. मला दादांचे ते दिवस आठवत होते. त्यांचा सुजलेला पाय आठवत होता, त्यावर बांधलेला पाला आठवत होता, त्यांचं कण्हणं आठवत होतं. मायचं काहीच आठवत नव्हतं. ती बाळंतीण होती हेसुद्धा आठवत नव्हतं. ती पहाटे उठत होती आणि भाकरी होत होत्या, एवढंच.

मला हे इंग्रजीत सांगायचं होतं. अंग म्हणजे गर्भाशय, त्याला काय म्हणतात ते मला येत नव्हतं, पाचवीला काय म्हणतात ते येत नव्हतं. मी पडद्याबाहेर आले आणि म्हटलं, "सिन्स माय ब्रदर."

बाईला कळलं. "सिन्स ही वॉज बॉर्न?"

"येस."

"हाऊ ओल्ड इज ही?"

मी वय सांगितलं. बाई खुर्चीवर बसली. कागदावर लिहिता लिहिता, माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाली, "फॉर सेव्हन इयर्स." मग लिहायची थांबली आणि पडद्याकडे बघत राहिली.

दादा बाहेर लिंबाखाली उभे होते. बापाशी असलं बोलायची रीत नव्हती, मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हटलं, "आपरेशन लागते म्हणते. खामगावले न्या म्हणते. आतलं अंग बाहेर येते मायचं."

"कवापासून?" दादांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांना हिशेब करावा लागला नाही. ते तिथंच लिंबाच्या बुंध्याशी बसले, धोतर मातीत आहे याचंही त्यांना भान नव्हतं. माय भिंतीला धरून हळूहळू बाहेर आली तेव्हाही ते बसलेलेच होते. मान वर करून तिला म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमच्या पायात नारू होता."

"नारू निंघून गेल्यावर?"

माय थोडा विचार करून म्हणाली, "मंग सवय झाली."

एसटीची वाट बघताना दादांनी तिच्यासाठी उसाचा रस आणला आणि ती पिईपर्यंत तिच्यासमोर असे उभे राहिले, की रस्त्यावरच्या माणसांना ती उभी का आहे, बसत का नाही, ते दिसू नये.

आत्या सोनाळ्याहून आली, घर सांभाळायला. तिला दवाखाना पटला नव्हता. "बाईच्या जातीले असंच असते," म्हणाली, "आमच्या सासूले मरेपर्यंत होतं. याले कोणी खामगावले जाते काय?" दादा म्हणाले, "आपून जाऊन राह्यलो." बैलजोडीतला एक बैल दादांनी विकला, त्याचं कुणी घरात नाव काढलं नाही.

खामगावला माझी नेमणूक मायच्या खाटेखाली. दिवसभर मी तिला पाणी द्यायची, कुशीवर वळवायची, रात्री फरशीवर पडायची. माझा इंग्रजीचा पेपर त्याच दिवसांत झाला. त्या सकाळी मला आठवण होती. वॉर्डातल्या घड्याळाकडे बघितलं, पेपर सुरू झाला असेल असं मनात आलं, मग सिस्टरनं कढत पाणी आणायला सांगितलं आणि मी गेले. वाईट वाटलं का, असं मला माझ्या मुलीनं एकदा विचारलं होतं. वाटलं असेल. पण इतकी झोप साठली होती अंगात, की वाईट वाटणं मागेच राहिलं. पुढच्या खेपेला मी बसले आणि कशीबशी सुटले. तोवर लेले सरांची बदली झाली होती. मी पास झाले हे त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. जामोदच्या मुलानं दुसरीकडे लग्न केलं, आणि मी मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले. आपरेशनचं म्हणाल तर ते नीट झालं. माय पुढं पुष्कळ जगली. पण ती पहिल्यासारखी कामाला लागली नाही असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. वर्ष-दीड वर्षानं ती पुन्हा वावरात होती, डोक्यावर टोपलं घेऊन. कुणी सांगितलं म्हणून ओझी कमी होत नसतात. पुढचीही काही वर्षं तशीच गेली, आणि पुढं आम्ही मिळवते झाल्यावर कुठं ती खरी थांबली.

पण त्या मधल्या दिवसांचं एक राहिलं. खामगावहून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की सहा महिने काही उचलायचं नाही. पाणी नाही, टोपलं नाही, लेकरूसुद्धा नाही. आम्ही घरी आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या आपल्या गावी गेली. सकाळी रांजण रिकामा होता. मी घागर घ्यायला गेले तर घागर जाग्यावर नव्हती. बाहेर येऊन बघते तर दादा ती खांद्यावर घेऊन विहिरीकडे निघाले होते. आमच्या गावात गडी माणूस बैलाला पाणी पाजायला विहिरीवर जाई, घरात प्यायचं पाणी मात्र बाईनंच आणायचं. घागर घेऊन जाणारा गडी मी तोवर पाहिला नव्हता. मी पाण्याची लहान गुंडी, म्हणजे छोटं भांडं, घेऊन त्यांच्यामागे पळाले. विहिरीवर बायकांचे हात दोरावरच थांबले. गोदाकाकूनं स्वतःचा दोर बाजूला केला आणि त्यांना जागा दिली. दादांना घागर भरता आली, पण खांद्यावर नीट बसेना. निम्मं पाणी पाठीवर सांडलं. परत येताना पारावर चार माणसं बसली होती. त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "काय तुळशीराम, घरची बाई मेली काय बे?"

दादा थांबले. मला वाटलं आता भांडण होणार. ते त्याच्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मरू नाई म्हणून आणून राह्यलो." आणि चालायला लागले.

घरी माय ओसरीला लागून असलेल्या खोलीत खाटेवर होती. दादांनी पाणी रांजणात ओतलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "लोकं हासले असतीन."

"हासले."

"मंग उद्या नोका जाऊ."

"जाईन," दादा म्हणाले आणि रिकामी घागर घेऊन दुसऱ्या खेपेला निघाले.

त्या खेपेलाही मी मागे गेले, पण विहिरीवर मला उशीर झाला. बायका मला काय काय विचारत होत्या. मी परत आले तेव्हा दादा दारात उभे होते, उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक. मी त्यांच्या बगलेतून आत डोकावलं. माय झोपली होती. दिवसाउजेडी, दार सताड उघडं, तोंड थोडं उघडं, एक हात खाटेवरून खाली लोंबत. दवाखान्यातली औषधाची गुंगी सोडली तर मी तिला झोपलेली कधी पाहिलीच नव्हती. ती आमच्या नंतर निजायची आणि आमच्या आधी उठायची, त्यामुळे तिचा झोपेतला चेहरा कसा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. रांजण तिच्या उशाशीच होता. पाणी ओतलं असतं तर आवाज झाला असता. मी घागर खाली उतरवून घ्यायला हात पुढे केले, तर दादांनी मानेनंच नको म्हटलं. पितळेची घागर दगडी उंबऱ्यावर टेकली तरी वाजते. ते भरली घागर खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले, पाणी त्यांच्या सदऱ्यावरून खाली ओघळत होतं, आणि आत माय झोपली होती.